चित्रातला किडा

मावशी चित्रसंग्रहालयात चित्रं तपासायची. सकाळी दालनं उघडण्याआधी भिंग आणि वही घेऊन एकेका चित्रासमोर उभी राहायची. कुठे तडा गेलाय, कुठे बुरशी धरलीय, कुठे रंगाचा पोपडा सुटलाय, सगळं टिपायची. नऊ वर्षांत एकाही चित्राला तिने ‘छान’ म्हटलं नाही. वहीत तसा रकानाच नव्हता. नऊ वर्षं झाली तरी ती कंत्राटावरच होती.

मागच्या महिन्यात दुसऱ्या संग्रहालयातून एक अभिव्यक्तिवादी चित्र पाहुणं आलं, ‘उद्यानातली उन्हाळी रात्र’. जांभळी झाडं, हिरव्या चेहऱ्यांची जोडपी, बसणारा घसरून पडेल इतका वाकडा बाक. दिव्याच्या पिवळ्या फटकाऱ्यात एक काळा ठिपका. त्या ठिपक्यावर समीक्षकांनी पानंच्या पानं खर्ची घातली होती. आधुनिक माणसाचं एकाकीपण म्हणे तिथे गोठलं होतं.

मावशीला भिंगातून त्या एकाकीपणाला सहा पाय दिसले. चित्रकार बागेत बसून रंगवत असणार आणि दिव्यावरचा किडा ओल्या रंगात अडकला असणार. नियमाप्रमाणे तिने तो चिमट्याने अलगद काढला, डबीत ठेवला आणि लिहिलं : ‘मृत किडा, एक. काढला.’

वही रोज सहीसाठी संचालकांकडे जायची. त्यांनी मावशीला बोलावून घेतलं.

“बाई, काय काढलंत तुम्ही?”

“किडा, साहेब.”

“पुस्तकात त्याला व्यथा म्हटलंय.”

“लिहिणाऱ्यांकडे भिंग नसेल.”

“दुपारी उद्घाटनाला मुख्य समीक्षक येतायत. तो परत चिकटवा आणि पान फाडून ‘दोष नाही’ असं नवं लिहा. तुमची कायम व्हायची फाईल माझ्याच टेबलावर आहे.”

मावशीने किडा जागच्या जागी चिकटवला. पान मात्र फाडलं नाही, खाली एक ओळ वाढवली : ‘मृत किडा, एक. संचालकांच्या आदेशावरून परत लावला.’ वेळ घातली, सही केली.

दुपारी समीक्षक ठिपक्यासमोर पाऊण तास बोलले. शेजारी संचालक वही काखेत घट्ट धरून उभे. चित्र परत जाताना वहीची प्रत सोबत जाते, हे त्यांना आत्ता आठवलं होतं.

आठवड्यात फाईल निघाली. मावशी कायम झाली, प्रेक्षकांच्या बॅगा सांभाळायच्या खिडकीवर. बॅग घेताना ती नीट न्याहाळते, ‘चेन तुटकी, कोपरा फाटका’ असं लिहिते आणि मालकाची सही घेते.

संचालक हल्ली बॅग आणत नाहीत, जेवणाचा डबा हातात धरून येतात.