ज्याचं गाणं, त्याचा ओटा

शाहीर ज्याच्यावर गाणं रचत, त्याच्याच ओट्यावर ते पहिल्यांदा म्हणत आणि मग त्याच्याच घरचा चहा मागत. आमच्या मिरजगावच्या बाजूला हा नेम सगळ्यांना ठाऊक होता. डफ घेऊन ते गल्लीत शिरले की बाया एकमेकींना विचारत, "आज कुनाच्या दारात?"

"माघारी बोलती ती चुगली," शाहीर म्हणायचे. "म्होरं बसून म्हनलं की त्याला गानं म्हनायचं."

तरुणपणी ते मोर्च्यांत गायले. ज्यांच्यासाठी गायले ते निवडून आले, आणि शाहिरांनी त्यांच्यावरच गाणी रचली. त्यामुळे शेवटच्या कॅसेटी कुणी दुकानात ठेवीना. बाजारच्या दिवशी ते स्वतःच पिशवीतून विकत. "लई कडू हाय बरं," असं गिऱ्हाइकाला आधीच बजावत. गिऱ्हाईक हसून पुढे जाई.

माझे वडील सरपंच असताना गावचा सार्वजनिक नळ आमच्या दारात बसला. शाहीर आले. सोबत टेप होता. शेवटची गाणी ते अशीच, जिथे म्हणत तिथेच भरून घेत. मी कॉलेजात होतो. पहिल्याच ओळीला लाजून परसात निघून गेलो.

त्या कॅसेटी आता नव्यानं एकत्र निघताहेत. शाहीर गेल्यावर त्यांच्या मुलीनं, सुमनताईनं, त्या जपल्या. गेल्या महिन्यात ती मोबाईल घेऊन आमच्या ओट्यावर आली.

"तुमच्या घरचं गानं हाय, दादा. सरपंच न्हाईत, म्हनून आधी तुमाला ऐकवते. नको म्हनलात तर काढते."

नको म्हणायचं मी ठरवलंच होतं. गेलेल्या माणसाला लोकांनी पुन्हा का हसावं?

तिनं गाणं लावलं. डफ, शाहिरांचा बसलेला आवाज आणि शेवटी, मी कधीच न ऐकलेलं, वडिलांचं हसू.

"खरं हाय तुमचं, शाहीर. पन नळ हितंच ऱ्हाईल."

"ऱ्हाऊ द्या. गानं बी ऱ्हाईल. च्या सांगा."

"असू दे गाणं," मी म्हणालो.

ताईनं मोबाईल पिशवीत टाकला, पायरी उतरली आणि आमच्या दारातल्या त्याच नळावर हात-तोंड धुतलं. वडील गेल्यावर मीही तो तिथून हलवला नव्हता. शाहीर असते तर त्यांनी आणखी एक गाणं रचलं असतं, आणि ते माझ्यावर असतं.