लातूरची खोली, बंदरावरची खोली

मालकीणबाईंनी दोन बोटं घशात घातली आणि माझ्या आईने आणलेलं पाणी अंगणात ओकून काढलं. गुडघ्यांवर बसून. पदर सुटलेला, डोळे लाल. दोन मिनिटांपूर्वी हेच पाणी त्या गटागटा प्यायल्या होत्या. दोन तांबे. "लई गोड हाय हो मावशी," असंही म्हणाल्या होत्या.

मधल्या दोन मिनिटांत एकच गोष्ट घडली. माझी आई उठली आणि सवयीने हात जोडून म्हणाली, "येते बाई. जय भीम."

सुजू, तू खोलीबद्दल विचारलंस. तुझा मेल मी दोनदा वाचला. तिकडे परदेशात एक खोली टेकडीवर, खिडकीतून सगळं बंदर दिसतं, फेरीबोटीचा धक्का पाच मिनिटांवर, घरमालक आपल्याकडचे, मराठी. दुसरी पाण्यापलीकडे, मासळीच्या दुकानावर, तिथे जायला आधी बोट, मग बस, मग चढ. टेकडीवरच्या मालकांनी फोनवर विचारलं, "मूळचे कुठले? आडनाव काय म्हणालात?" तू लिहितेस, "मी म्हटलं, नांदेडचे. आणि विषय बदलला. चाललं ना, आजी?"

नाही चाललं. का, ते लिहिते. राहुललाही वाचून दाखव. तो धाकटा आहे, पण उद्या त्यालाही खोली शोधायची आहे.

लातूर जिल्हा तेव्हा नवा झाला होता. कचेऱ्यांत टेबलं कमी आणि माणसं जास्त. चहूकडून नोकरदार आलेले, सगळे खोल्या शोधत फिरत. त्यात दुष्काळ. टँकर कधी येईल याचा नेम नाही, आला की गल्लीत बायकांच्या झिंज्या धरून मारामाऱ्या. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, टंचाईच्या शाखेत कारकून. कोणत्या गावाला टँकर पाठवायचा, त्याची टिपणं माझ्या हातची. अक्षर सुंदर. साहेब सगळ्यांना दाखवायचे.

खोली पाहायला गेले तेव्हा मालकांनी विचारलं, "आडनाव?"

मी म्हटलं, "बिलोलीकर."

आमचं गाव बिलोली तालुक्यातलं, पण आडनाव हे नव्हे. त्यांनी माझी इस्त्रीची साडी पाहिली, बोलणं ऐकलं. "आपल्यातलीच दिसते," बायकोला म्हणाले. मी मान खाली घातली. नाही म्हटलं नाही.

पुढचं सगळं मी नीटनेटकं केलं. बाजारातून देवाचं कॅलेंडर आणून भिंतीला लावलं. बुद्धाची तसबीर पेटीच्या तळाशी, साड्यांखाली, पालथी घातली. आणि सुट्टीत गावी गेले तेव्हा आईला पढवलं, "माय, लातूरला शक्यतो येऊ नको. आलीस तर आई म्हणून सांगू नको. ओळखीची बाई आहे म्हण."

आई चूल फुंकत होती. तिने वळून पाहिलं नाही. "हाव," म्हणाली. "तुजं बस्तान बसू दे."

आणि ती आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं, लातूरला प्यायला पाणी न्हाई, तुजी पोर तहानेनं मरून राहिली. आमच्याकडे मांजरा नदी आटली होती, पण वाळूत झिरा खोदला की तळाशी ओंजळभर पाणी साचायचं. ते वाटीवाटीने काढत आईने तेलाचा डबा भरला. एक अख्खी सकाळ गेली असेल. तोंडाला फडकं बांधलं आणि डबा मांडीवर घेऊन एसटीत बसली. नांदेडला गाडी बदलली. कंडक्टर म्हणाला म्हणे, "मावशी, याला शिटावर बसवा, हा लातूरला साहेब होनार!" हे तिने मला नंतर, खूप नंतर, हसत सांगितलं.

ती पोहोचली तेव्हा मी कचेरीत. मालकीणबाईंनी विचारलं, "कोन तुमी?" ती म्हणाली, "बाईच्या गावची. पानी आनलंय." पढवलेलं सगळं बरोबर बोलली. दोन दिवस टँकर नव्हता. बाईंनी तांबा पुढे केला. आईने फडकं सोडलं.

मी दुपारी जेवायला आले तेव्हा दोघी ओसरीवर बसल्या होत्या. आईने मला पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. मीही. ती माझ्या खोलीकडे यायला उठली आणि तोंडाला जी सवय होती ती बाहेर आली.

जय भीम.

मालकीणबाई किंचाळल्या. मालक आतून धावत आले. "काय झालं?" बाई ओकत होत्या, बोट आईकडे. "हिच्या हातचं पानी... दोन तांबे..."

मालकांनी आमच्या जातीचं जुनं नाव घेतलं. शिवीसारखं. डबा उचलला आणि आईच्या तोंडावर घातला. पत्र्याचा कोपरा भुवईवर बसला. कातडी उघडली, आतलं पांढरं दिसलं, मग रक्त. आई खाली बसली. त्यांनी तिचे केस मुठीत धरले आणि फरशीवरून दाराकडे ओढत नेलं. लाथ मारली. एक कमरेत. एक पोटात. आईने आवाज काढला नाही. तिच्या बांगड्या फुटल्या तेवढाच आवाज.

मी उभी होते. हातात कचेरीची पिशवी.

"कोन हाय ही तुजी?" मालक माझ्याकडे वळले. "खरं सांग."

मी म्हटलं, "गावाकडची आहे. ओळखीची."

हे मी म्हटलं. ते वाक्य मी कुठेही लपवत नाही. कुणी माझा गळा धरला नव्हता. मला खोली हवी होती.

"मग तूच काढ हिला भाईर. तुज्या हातानं. आन शेन आनून अंगन सारव."

आईने डोळ्यात गेलेलं रक्त पदराने पुसलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मालकांना म्हणाली, "हाव जी, मी वळखीचीच हाय. बाईची काय चुकी न्हाई. मी जाते." आणि मला म्हणाली, "येते, बाई."

बाई. माझी आई मला बाई म्हणाली. मी वाचावं म्हणून.

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. मी म्हटलं, "ही माझी आई आहे."

"काय?"

"आई आहे माझी. मी हिच्या पोटची. आम्ही बौद्ध. सात महिने तुमच्या घरात राहते आहे. तुमच्या बायकोने माझ्या हातची भाजी खाल्ली आहे. पोळ्या खाल्ल्या आहेत. ते पण ओका."

त्यांनी मारलं. उघड्या पंजाने, डाव्या कानावर, सगळी ताकद लावून. कानात काहीतरी फाटलं आणि एक शिट्टी सुरू झाली. तुम्ही दोघं फोनवर ओरडून बोलता, आजीचं वय झालं म्हणता. वय नाही ते. तो पंजा आहे.

मी पत्र्याचा डबा उचलला. अर्धा भरलेला होता. दोन्ही हातांनी धरून त्यांच्या गुडघ्यावर घातला. हाड वाजलं. ते खाली आले. मी पुन्हा उचलला. माझ्या अंगात जे आलं होतं ते राग नव्हता, त्याहून थंड होतं. डोकं समोर होतं. आईने मागून माझ्या कमरेला मिठी मारली म्हणून ते डोकं वाचलं. नाहीतर तुमची आजी तुरुंगात गेली असती, आणि मला त्याचं तेव्हा काहीच वाटत नव्हतं.

डब्याच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं. ते मी आईला पाजलं. मग मी प्यायले. त्यांच्या अंगणात, मधोमध उभी राहून. गेटशी गल्ली जमली होती.

मग मी पेटी भरली. साड्यांच्या घड्या घातल्या. तेव्हासुद्धा. तसबीर वर काढली, पुसली, आणि छातीशी धरून बाहेर पडले. देवाचं कॅलेंडर भिंतीवर राहू दिलं. ते त्यांचं होतं.

कोपऱ्यावर सायकलरिक्षा होती. म्हातारे चाचा. आईचं डोकं पाहून त्यांनी आपला रुमाल काढून दिला. "कां जाना, बेटी?"

"माहीत नाही. आधी दवाखाना. मग खोली शोधायची."

आईला चार टाके पडले. मग आम्ही लातूरभर फिरलो. दारोदार. प्रत्येक दारात मी खाली उतरायची आणि खोली पाहण्याआधी सांगायची, "आम्ही बौद्ध. बिलोली तालुका. ही माझी आई. खोली आहे का?" पहिल्या दारात खोली आत्ताच गेली होती. दुसऱ्या दारात भाचा येणार होता. तिसऱ्या दारातल्या बाईने कडी लावली. पाचव्या दारानंतर चाचा कळवळून म्हणाले, "पैले किराया पूछ लेव बेटी, नाम बाद में बताव. दुनिया ऐसीच है."

"नाही चाचा," मी म्हटलं. "आता नाव आधी."

आई रिक्षात पेटीवर हात ठेवून बसली होती. प्रत्येक दारात मी "ही माझी आई" म्हटलं की ती पदर सारखा करायची.

शेवटी रेल्वेरुळांपलीकडे आपल्याच वस्तीत पत्र्याची खोली मिळाली. उन्हाळ्यात भट्टी. कचेरी तासाभराची पायपीट. नऊ वर्षं तिथे राहिले. तुमची आई तिथे जन्मली. फिर्याद मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिली. मी मारलं तेही लिहिलं. साक्षीला गल्लीतलं एकही माणूस आलं नाही. तो माणूस सुटला आणि लंगडत का होईना, बाजारात दिसत राहिला. न्याय वगैरे झाला नाही. भुवईवरचा तो व्रण आईच्या चितेवर तिच्यासोबत गेला, आणि ते माझं वाक्य, "ओळखीची," अजून माझ्याकडे आहे.

सुजू, तुझा मालक डबा फेकून मारणार नाही. तो चांगली कॉफी देईल. पण तू "नांदेडचे" म्हणून गप्प बसलीस ना, ते मी ओळखते. बुद्धाची तसबीर कुठल्या साडीखाली घालायची, हे तुझ्या डोक्यात सुरू झालं आहे. उद्या त्याच्या घरी पाहुणे आले की तू मला फोनवर हळू बोलशील. मग एक दिवस म्हणशील, आजी, तू आलीस तर जरा सांभाळून.

तर आजच त्याला फोन कर. पत्राने नको, तोंडाने सांग. आडनाव सांग. आम्ही बौद्ध, सांग. माझी आजी थंडीत येणार आहे, तुमच्या दारात ती आधी जय भीम म्हणेल आणि मग पाणी मागेल, तेही सांग. तो लगेच "या" म्हणाला तर राहा. तो जरासा थांबला, खोली अजून नक्की नाही म्हणाला, तर फोन ठेव आणि मासळीच्या दुकानावर जा. वास येईल. बोट चुकेल. मागच्या खेपेस मी तिकडे आले तेव्हा त्या धक्क्यावरून सुटणाऱ्या सगळ्या बोटींच्या वेळा मी वहीत लिहून घेतल्या आहेत, त्या तुला पाठवते. पाऊस असला की बस भरलेली असते, मग चालत चढ.

मी तिकीट काढते आहे. दोन्हीपैकी ज्या दारात तू राहशील, त्या दारात मी उभी राहणार. माझा एक कान गेलेला आहे. तोंड शाबूत आहे.