विहिरीतलं डस्टर

आमच्या शाळेतल्या आठवीच्या एका मुलीने विज्ञानाच्या सरांचं डस्टर विहिरीत टाकलं. वर्ग गप्प करायला सर ते टेबलावर आपटायचे. आपटलं की ही बाहेर पळायची. त्या दिवशी पळताना डस्टरही घेऊन गेली.

सर माझ्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या, खोलीत आले. "मॅडम, तिला दाखला द्या. नाहीतर माझा राजीनामा घ्या."

सरांचा राजीनामा वर्षातून दोनदा येतो आणि दोनदा परत जातो. दाखल्याचं तसं नसतं. पुढची शाळा दोन एसटी बदलून. म्हणजे मुलगी घरीच बसणार.

मी नुकतीच जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते. "का केलंस?" विचारायचं नाही, "काय झालं?" विचारायचं. सगळ्यांनी गोल बसायचं, एक वस्तू फिरवायची; ज्याच्या हातात वस्तू, त्यानेच बोलायचं. तिथे कापडी चेंडू होता. माझ्या पिशवीत नारळ होता. वस्तू ती वस्तू.

मुलगी, सर, वर्गातली दहा मुलं आणि तिचे आजोबा असे गोल बसलो. "काय झालं ग?" नारळ तिच्या हातात देत मी विचारलं. ती नारळाच्या शेंडीकडे बघत राहिली आणि तिने तो आजोबांकडे दिला.

तेव्हा माझी चूक मला कळली. गावात देवासमोर गाऱ्हाणं घालतात ते असाच नारळ हातात घेऊन. नारळ येताच आजोबांनी चपला काढल्या, उभे राहिले, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दहाही मुलं ओरडली. मी नियम सांगायला हात वर केला. कोणी बघितला नाही.

"वादळात ह्या चेडू घरात एकटा होता. पत्रो उडान जायपर्यंत आपटत होतो. तेवापासून कायय आपटला की ह्या पळता रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं.

"डस्टर बावडीत टाकल्यान, ती ह्याची चूक."

"व्हय म्हाराजा!"

"सर आपटतत, ती सरांची."

"व्हय म्हाराजा!" यात सरांचा आवाज सर्वांत मोठा. ते घाटावरचे, पण सहा वर्षांत तोंडाला सवय लागलेली. काय बोललो ते त्यांना बोलून झाल्यावर कळलं.

"दोघांचाय चुकला माकला पोटात घाल, आणि चेडवाक शाळेत ठेव रे म्हाराजा!"

मुलं थांबली. सगळे सरांकडे बघत होते, मुलगीसुद्धा.

"व्हय," सर पुटपुटले. म्हाराजा त्यांनी गिळला.

"डस्टर मी काढून देतंय," मुलगी म्हणाली. गळ टाकून तासाभरात काढलंही. पावासारखं फुगलं होतं.

ओरोसला अहवाल पाठवायचा होता. "वर्तुळातील वस्तू" या रकान्यात मी "नारळ" लिहिलं. "वस्तूची सद्यःस्थिती" यात "खाल्ला".

सरांचा हात अजून डस्टरसकट वर जातो. मग त्यांना आठवतं, आणि ते डस्टर अलगद टेबलावर ठेवतात. तिसऱ्या बाकावरून तिचा बारीक आवाज येतो, "व्हय म्हाराजा."

सर तिकडे बघत नाहीत. मीही वर्गाच्या खिडकीवरून पुढे जाते.