मी शिकलेली हाय

“जरा पाय वर कर गं. लोकांना दिसू दे.”

परीक्षक बाई माईकवर म्हणल्या. मी नुकतीच नाचून थांबले होते. श्वास जागेवर नव्हता. मला वाटलं, पायाचं काम आवडलं असंल. मी पाऊल उचललं. कॅमेरावाला खाली बसला आणि माझी टाच मागच्या मोठ्या पडद्यावर आली. भेगा पडलेली. भेगांत काळं बसलेलं. घासून निघत नाय ते.

सभागृह हसलं.

“शिकलेली नाही हे दिसतंच आहे,” बाई म्हणल्या. “पण यांच्यात ते उपजतच असतं हो. मेंढरं उड्या मारायला कुठल्या क्लासला जातात?”

अजून मोठ्यानं हसले लोक. मी एका पायावर उभी. पाय खाली ठेव असं कुणी म्हणलं नव्हतं, म्हणून तसाच धरून ठेवलेला. इतकी भ्याले होते. पुढच्या रांगांत माझे वडील, आबा, बसले होते, लाल फेटा बांधून. तेही हसत होते. सगळे हसत होते म्हणून.

आम्ही धनगर. गाव गंगापूरकडं. लागोपाठ दुष्काळ पडला. मेंढरं चाऱ्यावाचून खाली बसायला लागली, बसली की उठायची नाहीत. उरली ती आबांनी खाटकाला दिली आणि आम्ही वाळूजला आलो. तेव्हा शहर आमच्या अंगावर आल्यासारखं वाढत होतं. काल ज्वारीचं रान, आज खांब. टँकर यायचा तो आधी बांधकामावर, मग वस्तीत.

आबांना एका इमारतीवर वॉचमनचं काम मिळालं. मला कंपनीत, ठेक्यावर. दोन्हीकडं माणसं पुरवणारा ठेकेदार एकच. सगळे त्याला शेठ म्हणायचे. आमची पत्र्याची खोली त्याची. शहरातलं एक केबल चॅनेलपण त्याचंच.

मी राज्याच्या संघातून कबड्डी खेळले होते. पेपरात फोटो आला होता. शेठनं चॅनेलवर शहरातल्या नामवंतांची नाचाची स्पर्धा काढली, त्यात माझं नाव टाकलं. मला कुणी विचारलं नाय. सुपरवायझर म्हणला, जायचं. उस्मानपुऱ्यातल्या एका सभागृहात स्पर्धा होती. मोठा नियम एकच. ज्यानं कधी नाच शिकलेला नाही त्यानंच उतरायचं. म्हणजे सगळे सारखे.

पहिल्या दिवशी शेठ स्वतः माईक घेऊन एकेकाला विचारत होता, “नाच शिकलात का कधी?” मालिकेत काम करणारी एक नटी होती. ती लाजून म्हणली, “छे हो, लग्नात नाचते तेवढंच.” एक डॉक्टर होते, जाडसर, घामाघूम. ते म्हणले, “मला तर वरातीतसुद्धा कुणी ओढत नाही.” लोक हसले. माझ्यापाशी आल्यावर शेठनं विचारलंच नाय. “ही कुठं शिकणार!” म्हणला आणि पुढं गेला.

त्याच दिवशी मेकअपच्या खोलीत मी नटीला घुंगरं बांधताना बघितलं. माझ्याशी गप्पा मारत होती, खाली बघतसुद्धा नव्हती. बोटं आपली आपण फिरत होती.

मी म्हणले, “ताई, लहानपणापासून कथक करता व्हय?”

ती दचकली. मग हसली. “अगं, सगळेच असं सांगतात. तुला काय फरक पडतो? तू तर खरंच शिकलेली नाहीस.”

वाईट मनानं नाय म्हणली ती. तेच लई लागलं.

बिरोबाच्या जत्रेत आमच्यात ढोलावर पुरुष नाचतात. हातात रंगीत रुमाल घेऊन, गोल फिरत. बाया बघतात. आबांचे पाय बघायला लांबून माणसं यायची. मला भाऊ नाय. दुपारी मेंढरं सावलीला बसली की आबा मला माळावर उभं करायचे. गुडघे वाकवून, मांड्या थरथरेपर्यंत. पाऊल चुकलं की काठीचं टोक घोट्याला. “ढोल पडल्यावर पाय उचलला तर उशीर झाला,” म्हणायचे. वस्तीतले म्हणले, पोरीला कशाला शिकवतो? आबा म्हणले, “पायाला काय ठावं, पोराचा हाय का पोरीचा?”

मी रडायचे. आबा म्हणायचे, रड, पण गुडघा सरळ करू नको.

हे शिकणं नाय तर काय हाय?

परीक्षकांनी मला गुण कमीच दिले. लोकांनी मतं दिली आणि मी शेवटच्या फेरीत गेले. तिथंच गडबड झाली. तक्रार आली. हिच्या घरातच नाच हाय, ही तयार होऊन आलीय. कालपर्यंत मेंढराच्या उड्या होत्या. जिंकायची वेळ आली तसं ते शिक्षण झालं.

शेठनं आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. मला खुर्ची दिली. आबा उभे.

“मामा, हिला तुम्ही शिकवलं का?”

आबांनी माझ्याकडं बघितलं नाय. “नाय साहेब. मी काय शिकवणार? मेंढक्या माणूस.”

“बस्स. हेच उद्या स्टेजवर माईकवर सांगायचं. लोकांना आवडतं असं. म्हातारा भोळा बाप वगैरे.” मग माझ्याकडं बघून म्हणला, “तू काही बोलायचं नाही. काम नीट चाललंय ना तुझं?”

घरी आल्यावर आबा पत्र्याकडं तोंड करून बसले आणि वाक्य पाठ करायला लागले. “मी हिला काय शिकवलं नाय. मी हिला काय बी शिकवलं नाय.” आवाज बारीक करून बघायचे, परत मोठा करायचे. मी चुलीपुढं बसून ऐकत होते. शेठची भीती होतीच. पण आबांना ते वाक्य जमायला लागलं होतं, त्याची जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी आबांना स्टेजवर चढवलं. धुतलेलं धोतर, लाल फेटा. शेठनं माईक पुढं केला. “सांगा मामा, पोरीला कुणी शिकवलं?”

आबांनी तोंड उघडलं. आवाज आला नाय. माईकमधून नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. सगळ्या सभागृहाला. शेठ हळूच म्हणला, “बोला की.” माझ्या डोळ्यापुढं कंपनीचं गेट दिसत होतं, खोलीचं दार दिसत होतं.

मी माईक घेतला. कसा घेतला ते आठवत नाय.

“मी शिकलेली हाय. माझ्या आबांनी शिकवलं. चालायला लागले तवापासून. नियमात बसत नसंल तर मला काढा. पण मग ज्याला ज्याला कुणी शिकवलंय त्यानं इथं यावं आन् गुरूचं नाव घ्यावं.”

नटीनं मान खाली घातली. कुणीच पुढं आलं नाय. माईक बंद झाला. मी तसंच ओरडून परत एकदा आबांचं नाव घेतलं. मग दोन माणसांनी दंडाला धरून आम्हाला खाली उतरवलं.

बाहेर डॉक्टर भेटले. म्हणले, “तू बोललीस ते बरोबर. पण मला खरंच कुणी शिकवलं नाही. तू आणि ती नटी, तुम्हा दोघींपुढं मी काय करायचं होतं?”

पुढं लई दिवस ते डोक्यात राहिलं. त्यांचं खरं होतं. नव्या पोरीला राज्याच्या संघापुढं उभं केलं तर ती काय कबड्डी नसते. नियम चांगलाच होता. पण नटीचं शिकणं झाकलं, आणि माझं शिकणं मोजायचंच नाय असं ठरवलं. डॉक्टरांना दोन्हीकडून फसवलं आणि आबांना तर माणसातूनच काढलं.

पुढच्या पाळीला माझं कार्ड गेटवर चाललं नाय. आबांचं काम गेलं. खोली गेली. आबा कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बोलले तेव्हा म्हणले, “काय गरज होती?” अजून तेच म्हणतात. त्यांना मी समजावत नाय.

आता मी दुसऱ्या कंपनीत हाय, आम्ही पलीकडच्या वस्तीत राहतो. रविवारी पत्र्याच्या शेडमागं सात-आठ पोरी येतात. मी त्यांना नाच शिकवते. पहिल्या दिवशीच सांगते, हे कुणाकडून आलंय. नाव पाठ करून घेते.

यंदा परत स्पर्धा लागलीय. शेठची दोन माणसं मोटारसायकलवर येऊन गेली, पोरींसमोर म्हणली, तिकडं फिरकू नको. तेव्हापासून दारापुढं गाडी थांबली की मी आधी कडी लावते. आबा म्हणतात, जाऊ नको.

मी जाणार. सगळ्या पोरींना घेऊन, तिकीट काढून, पुढं बसणार. तिथं कुणी माईकवर खोटं बोललं की उठून विचारणार. पाय कापतील. कापू देत. कापत्या पायांनी उभी राहीन, पण बसणार नाय.