एरंडेलाचा डबा कोणी रिकामा केला?

रनाळ्याहून नंदुरबारच्या स्टेशनापर्यंत मला आणि नथूला सोडायला कोणीही आले नव्हते, आम्ही पायी चालत गेलो, असे नथूच्या चिरंजीवांनी गावच्या शाळेच्या स्मरणिकेत छापले आहे. हे खोटे आहे. माझे वडील, आबा, आले होते. स्वतः घडवलेल्या बैलगाडीत बसवून त्यांनी आम्हाला आणले, आणि त्या सबंध वाटेत त्या गाडीचे चाक एकदाही कुरकुरले नाही. जे चाक कुरकुरत नाही ते लोकांच्या स्मरणात राहत नाही, एवढीच त्या चिरंजीवांची सबब मी मान्य करतो. बाकी काही मान्य करत नाही.

आबा रनाळ्याचे सुतार. गाड्या घडवायच्या, चाकांवर लोखंडी धाव चढवायची आणि वंगणाचे एरंडेल स्वतः काढायचे, हा त्यांचा धंदा. एरंडीच्या बिया भाजून, कुटून, पाण्यात उकळून वर आलेले तेल ते काढून घेत आणि मग पुन्हा तापवत. तेलात पाण्याचा अंश उरला आहे की नाही हे पाहण्यासाठी कापसाची वात त्यात भिजवून पेटवत. वात तडतडली तर तेल परत चुलीवर. मुकाट्याने जळली तरच डब्यात. आसपासच्या गावांतले गाडीवान आसाला, म्हणजे चाकाच्या कण्याला, दुसऱ्या कोणाचे तेल लावत नसत.

फलाटावर त्यांनी माझ्या हाती घट्ट झाकणाचा एक डबा दिला. नथू माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा. काका लवकर वारल्यामुळे तो आणि काकू आमच्याच घरी होते. नथू रडत होता. मी रडलो नाही. आबा मला म्हणाले, "ओंकार, यामां दुसरं तेल मिसाळू नको. दोन तेलं एक व्हतस नही, आस धरी बसतस." काही गाडीवान एरंडेल पातळ करण्यासाठी त्यात घासलेट ओतत आणि मग भर वाटेत त्यांची चाके अडकत, त्यांना उद्देशून आबा हे नेहमी म्हणत. मुलगा परगावी निघाला असता कोणी असा उपदेश करतो का, असे तेव्हा मला वाटले होते. माझ्या आयुष्यात पुढे जे काही घडले ते सगळे त्या दोन वाक्यांत आधीच सांगून झाले होते.

सुरतेला गाडी बदलून आम्ही मुंबईला उतरलो. मोटारींची हौस असलेल्या एका शेठच्या गॅरेजमध्ये दोघांनाही काम मिळाले. युद्धापूर्वीची ही गोष्ट. शेठना रस्त्यावरच्या मोटारीत रस नव्हता. त्यांना वेग हवा होता. दर हिवाळ्यात जुहूच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी मैलाची शर्यत होई. दोन बांबू रोवून एक मैल मोजलेला असे. एका वेळी एकच मोटार धावे, आणि हातात घड्याळे घेतलेली माणसे तिचा वेळ टिपून घेत. शेजारी कोणी प्रतिस्पर्धी नाही. समोर फक्त ओली वाळू, आणि वेळ.

त्या मैलासाठी आम्ही वर्षभर राबत असू. मडगार्ड, दिवे, पुढची काच आणि मागची सीट काढून टाकायची. जिथे पत्र्याला भोके पाडून वजन कमी होईल तिथे भोके पाडायची. सिलिंडरचे हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचे, कार्बोरेटरच्या तोंडावर वाळू अडवायला मलमल ताणायची. रनाळ्यात मी तासणी धरत होतो, इथे माझ्या हाती मायक्रोमीटर आला. आबा बोटाने आसाचा ढिलेपणा ओळखत. मी तोच ढिलेपणा आकड्यात वाचू लागलो. भाषाही बदलली. घरी काम झाले की "व्हयनं" म्हणणारा मी "ओके शेठ" म्हणू लागलो. नथूला मात्र ते कधी नीट जमले नाही. तो स्क्रूड्रायव्हर मागतानाही ओशाळत असे.

इंजिन कमाल वेगात तापले की साधे काळे तेल पाण्यासारखे पातळ होई आणि बेअरिंगे जळत. विलायतेतले शर्यतवाले इंजिनात एरंडेल वापरतात हे शेठनी वाचले होते, पण बाजारातल्या एरंडेलात पाणी असे आणि ते फेसाळे. तेव्हा मी माझा डबा उघडला. शेठसमोर वात भिजवून पेटवली. ती मुकाट्याने जळली.

गॅरेजमध्ये हशा पिकला. "अरे खान्देशी, गाडीला जुलाब झाला तर पुसायचं कोणी?" असे एक जण म्हणाला. "तुझ्याच अंगातल्या सदऱ्याने," मी म्हणालो. शेठ हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली.

मी ते इंजिन पूर्ण उघडले, काळ्या तेलाचा थेंबही राहू नये म्हणून प्रत्येक भाग पेट्रोलने तीन वेळा धुतला, आणि मग एरंडेल भरले. शर्यतीच्या सकाळी तेलाची पातळी पाहून ते वर आणण्याचे काम मी नथूला दिले, कारण मला वाळू पाहायची होती. गाडीवानाच्या पायाला वाळू कुठे धरेल आणि कुठे रुतेल हे कळते. मी अनवाणी चालून मोटारीसाठी पट्टा आखत होतो. काही महिन्यांपूर्वी इंजिन भरल्यावर डब्यात निदान तिसरा हिस्सा तेल उरले होते, ते तिथे असायला हवे होते.

मोटार सुटली. अर्ध्या मैलापर्यंत तिचा आवाज सुरेख होता. मग एकदम किंकाळी फुटावी तसे झाले, मागची चाके जागच्या जागी थांबली आणि ती वाळूत घसरत आडवी झाली. शेठ स्वतः चालवत होते, ते बचावले. आम्ही तळाचा नट सोडला तेव्हा बाहेर आली ती फुटलेल्या कढीसारखी घाण, वर काळे, खाली पिवळट चिकट. एरंडेल आणि काळे तेल. दोन तेलं एक व्हतस नही.

मी नथूकडे पाहिले. "काय टाकं रे तू?"

तो पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत होता. "डबामधलंच टाकं," तो म्हणाला.

डबा कोरडा होता. शेठचा आवाज चढला. "तुझ्या बापाने बैलगाडीचा तेल दिला, आणि तू माझ्या मोटारमध्ये टाकला! तुझा बाप पण भेसळवाला, तू पण!" मी पुन्हा नथूकडे पाहिले. त्याच्या तोंडून एक शब्द निघाला असता तर माझा बाप त्या पुळणीवर भेसळवाला ठरला नसता. तो शब्द निघाला नाही. त्याच दुपारी माझे काम गेले. नथूचे राहिले.

स्मरणिकेत मात्र असे लिहिले आहे: 'ओंकार सुताराच्या अशुद्ध तेलामुळे इंजिन बिघडले; परंतु आमच्या वडिलांनी गॅरेजची अब्रू राखली.' अब्रू राखण्याची रीत ही अशी होती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

बातमी माझ्या आधी गावात पोहोचली, कारण नथूने काकूला पत्र धाडले होते. मी घरी आलो तेव्हा आबांच्या कामाच्या ओट्यावर एकही गाडी नव्हती. पारावरचे लोक त्यांना हटकत होते, "सुतारबाबा, तुमनं तेल मुंबईमां आडकी गये म्हने!" आबा तासणीला धार लावत होते. मला पाहून त्यांनी एकच विचारले, "तू मिसाळं का?"

"नही, आबा."

"मंग कोन?"

काकू चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. मी म्हणालो, "सांगसु. पहिले जितीसन येसु." आधी जिंकून यायचे आणि मगच नाव घ्यायचे, असे मी ठरवले होते.

आबांनी मला दुसरा डबा दिला. या वेळी वात त्यांनी माझ्यासमोर दोनदा पेटवली. पेटवायची गरज नव्हती.

मुंबईत मी शेठच्या प्रतिस्पर्ध्याच्या गॅरेजात गेलो. तिथे मी त्या वर्षभरात कोणाशी स्नेह केला नाही, सणाला सुट्टी घेतली नाही. डब्याला कुलूप लावले आणि किल्ली गळ्यात घातली. माझ्या हातून घडणारी प्रत्येक गोष्ट नथूच्या तोंडावर मारायची आहे असे समजून मी ती घडवली. कोणी म्हणेल, सूडाने काम नासते. माझे नासले नाही. व्हॉल्व्ह इतके मन लावून मी त्यापूर्वी कधी बसवले नव्हते आणि नंतरही नाही.

पुढच्या हिवाळ्यात शेठची मोटार नथूने तयार केली होती. ती सफाईने धावली, हे मी मान्य करतो. आमची तिच्यानंतर धावली, आणि मैल चार सेकंद आधी संपला. घड्याळवाल्यांनी दोनदा ताळा केला. लोक ड्रायव्हरला खांद्यावर घेत होते तेव्हा मी मोटारीखाली सरकलो, तळाचा नट सोडला आणि गरम तेल काचेच्या बाटलीत धरले. मग ती बाटली शेठच्या तोंडासमोर उन्हात धरली. जळून थोडे तांबूस झालेले, पण आरपार दिसणारे. "माझ्या बापाचं तेल," मी म्हणालो. "आता बोला." शेठनी बाटली निरखली आणि टोपी काढली. मी ती बाटली नथूसमोरही धरली. त्याने हात पुढे केला. तो बाटलीसाठी होता की माझ्यासाठी, मला ठाऊक नाही. मी पाठ फिरवली. त्यानंतर तो मरेपर्यंत मी त्याच्याशी एक अक्षर बोललो नाही.

गावी जाऊन मी आबांना सर्व सांगितले, नावासकट, काकूच्या देखत. मला वाटले होते त्यांची मान ताठ होईल. त्यांनी तासणी खाली ठेवली आणि विचारले, "डबा रिकामा कसा व्हयना, हाई नथूले इचारं का तू?"

"त्याने जळून केले, आबा. माझे बघवले नाही त्याला," मी तावातावाने म्हणालो. मी आबांशी शहरी मराठीत बोललो, हे माझ्या नंतर लक्षात आले.

"हाई तू सांगी ऱ्हायना," आबा म्हणाले. "इचारं का?"

मी विचारले नव्हते. आणि आबा सांगत आहेत म्हणून विचारण्याइतका मी लहान उरलो नव्हतो.

आता त्या स्मरणिकेकडे येतो. चिरंजीवांनी वडिलांचे गुणवर्णन करताना, कोणताही हेतू नसताना, एक मजकूर लिहिला आहे. तो मी येथे जसाच्या तसा उतरवतो: 'वडील रोज सकाळी डोक्याला एरंडेल चोळत. मुंबईत गेल्यापासूनची ही सवय. सोबत गावचा डबा होता, त्यातले थोडे थोडे लावले की घराचा वास येतो आणि दिवस निघतो, असे ते सांगत.'

हा पुरावा आहे. वाचकांनी तो आपल्या डोळ्यांनी वाचावा. डबा कोणी रिकामा केला हे त्याच्याच मुलाने छापून दिले आहे. वर्षभर बोटे बुडवून त्याने तो संपवला, शर्यतीच्या सकाळी उघडला तर तळ दिसला, सांगायची लाज वाटली, आणि हाताशी आले ते काळे तेल त्याने ओतले. मत्सर नव्हता. मी जन्मभर ज्याच्याशी वैर धरले तो मत्सर तिथे नव्हताच.

मग मी त्याला क्षमा केली का, असे कोणी विचारील. नाही. मत्सरी माणसाने माझ्या बापाचे नाव बुडवले असते तर निदान त्याला काही हवे होते असे म्हणता आले असते. याला फक्त घराची आठवण येत होती. ती मलाही येत होती. डबा माझ्याही उशाशी होता, आणि मी त्याचे झाकण कामाखेरीज उघडले नाही.

चिरंजीवांनी मला कळवले आहे की शाळेत एक कपाट करणार आहेत, आणि ती बाटली द्यावी. देईन. तिच्यावर माझ्या बापाचे नाव लिहावे. माझे नको. नथूचे लिहिले तर मी स्वतः येऊन खरवडीन.

पण ती मी गेल्यावर न्यावी. रनाळ्यात आता आबांचा ओटा नाही, ती चूल नाही, एरंडी उकळण्याचा खटाटोपही कोणी करत नाही, आणि मीही तिथे पाहुणा म्हणून जातो. घर म्हणून माझ्यापाशी जे काही उरले आहे ते या बाटलीत आहे. रोज सकाळी मी तिचे बूच काढतो. आधी पेट्रोलचा वास येतो, मग जळक्याचा, आणि सगळ्यांत शेवटी आबांच्या चुलीचा. तेवढ्याने माझा दिवस निघतो. मग मी बूच घट्ट लावतो.

इतक्या वर्षांत त्यातला एक थेंबही मी डोक्याला लावलेला नाही.