भिंतीवरचे काळे पहिलवान

ऑइलपेंटचा वास आला की परतूरचं आमचं व्हिडिओ गेमचं दुकान आठवतं. बाहेरच्या भिंतीवर मारामारीच्या गेममधले पहिलवान काढायला वडिलांनी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकाकांना बोलावलं होतं. काका तासभर गेमच्या पडद्यासमोर पहिलवानांना नुसते बघत बसले. "उभे राह्यले तरी श्वास घेऊन राह्यलेत," म्हणाले, आणि भिंतीवर ज्याच्या त्याच्या पवित्र्यातल्या सहा नुसत्या काळ्या आकृत्या भरल्या. वडील चिडले, "तोंडंच न्हाईत, कोण ओळखणार?" तेवढ्यात शाळा सुटली. पोरांनी एकेकावर बोट ठेवत सहाही नावं बरोबर सांगितली. "मंग तोंडं कशाला?" म्हणत काकांनी ब्रश रॉकेलात बुडवला. आता गेमची पात्रं मीच काढते. आधी सगळं काळं भरून लेकीला दाखवते. हा कसा लढेल हे तिला सांगता आलं नाही, तर पुसून टाकते.