ढकल आणि ओढ

माझी नात सई दात-ओठ खात लॅपटॉपसमोर बसली आहे. मोबाइलचं वेड सुटावं म्हणून, पडद्यावर मोबाइलच्या खेळाचं चित्र आलं की लॅपटॉपला जोडलेला खेळाचा दांडा पुढे ढकलायचा, घरच्यांचा फोटो आला की आपल्याकडे ओढायचा, असा व्यायाम समुपदेशकबाईंनी दिलाय. ती दांडा असा हाणते की टेबल हादरतं. परवा तिच्या आईने फोन काढून घेतला, तेव्हा तिच्या मनगटाला ही कडकडून चावली. वळ अजून काळानिळा आहे.

"टेबल मोडशील, भवानी!" मी ओरडते. आणि मी कोण शहाणी? हिच्या वयात आईने माझे सागरगोटे विहिरीत फेकले, तर मी विहिरीलाच शिव्या घातल्या आणि आईची नवी घागर दगडाने ठेचली. केवढा पराक्रम! तेव्हा व्यायाम नव्हता, पाठीत लाटणं होतं.

ढकलणं हाताला शिकवता येतं. पण दांडा ओढतात तीही ओढ, आणि जिवाला लागते तीही ओढच. ती कोण शिकवणार?

पडद्यावर आईचा फोटो येतो. सईचा हात थबकतो.

"अगं, ओढ ना!"

"ओढतेय गं आजी. हळू ओढतेय. तिचा हात दुखतोय ना."